फ्रीमँटलच्या धक्क्यावर

लग्न होऊन जर्मनीतल्या बॉबलिंगेनला आली तेव्हा सासऱ्यांना काय म्हणायचं, हा सुनेत्रापुढचा पहिला पेच होता. जर्मन सुना सरळ नावाने हाक मारतात. पण साठी ओलांडलेल्या माणसाला नुसतं 'स्टॅन्ली' म्हणायला तिची जीभ रेटेना. ती 'बाबा' म्हणाली. त्यांनी अर्थ विचारला, मान हलवली आणि त्या हाकेला ओ देऊ लागले.

स्टॅन्ली होरोबिन मूळचे इंग्लंडमधल्या शेफील्डचे. पलटणीबरोबर जर्मनीत आले, हानेलोरेशी लग्न करून इथलेच झाले. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्या रंगवण्यात उभा जन्म गेला. सोळाव्या वर्षी शेतकाम शिकायला म्हणून त्यांना बोटीने ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं, एवढंच घरात ठाऊक होतं. त्यांच्या मुलाने, मार्टिनने, लहानपणी कधी विचारलं तर "गहू होता, माश्या होत्या," यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

हानेलोरे गेल्यावर तेवढंही बोलणं आटलं. २००६ साली त्यांच्या वाढदिवसाला मार्टिनने बेत आखला, ब्रेमरहाफेनला जायचं. तिथे देश सोडून गेलेल्यांचं नवं म्युझियम झालं होतं.

आत जुन्या धक्क्याचा देखावा होता. अंधुक उजेड, गाठोडी, बोटीकडे टक लावलेले पुतळे आणि कुठूनसे ऐकू येणारे हुंदके. बाबा थबकले.

"आमच्यात कुणी रडलं नव्हतं," ते इंग्रजीत पुटपुटले आणि वळून बाहेर चालू लागले.

मार्टिन कावराबावरा झाला. "तू बघून ये, मी आहे त्यांच्याबरोबर," सुनेत्रा म्हणाली.

समुद्राच्या बांधावर एका बाकावर दोघं बसली. वारा झोंबत होता. सुनेत्राने त्यांचा मफलर नीट केला, काही विचारलं नाही. मग तेच बोलू लागले.

"बोटीवर पहिल्या सकाळी वेटर मला 'सर' म्हणाला. गोव्याचा होता. मी मागे वळून पाहिलं, कोण साहेब आलाय म्हणून."

सुनेत्रा हसली. ते हसले नाहीत.

घरी सावत्र बाप होता, मार होता, सगळ्या भावंडांत मिळून एक बिछाना होता. बोटीवर त्यांना स्वतःची खाट मिळाली, पांढरी चादर मिळाली, पोटभर जेवण मिळालं. आणि विल्फ मिळाला. हल बंदरातल्या मासेमाराचा पोरगा, वरच्या खाटेवरचा. मुंबईला बोट थांबली तेव्हा दोघांनी कोपरापर्यंत हात माखून आंबे खाल्ले. विषुववृत्त ओलांडताना बोटीवरच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांना पाण्याच्या टाकीत ढकललं.

"लोक विचारतात, प्रवासात फार हाल झाले असतील ना? अगं, आयुष्यात तेवढेच दिवस मी पोर होतो."

ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या धक्क्यावर शेतकरी ट्रक घेऊन उभे होते. नावं पुकारली गेली. विल्फ एका ट्रकमध्ये चढला, स्टॅन्ली दुसऱ्यात. नाताळला भेटायचं, असं दोघांनी ओरडून ठरवलं. शेतावर स्टॅन्लीला पत्र्याच्या शेडमध्ये झोपायला जागा मिळाली. तिथे नावाने कुणी हाक मारत नसे.

"नाताळ तोंडावर आला होता. जेवताना मालकाने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाला, तुझ्याबरोबरच्या त्या हलच्या पोरावर ट्रॅक्टर उलटला म्हणे. मी विचारलं, पुरणार कधी? तर म्हणाला, पुरलं की, गेल्याच आठवड्यात."



"मी ते बटाटे खाल्ले, सुनेत्रा. भूक लागली होती."

ती त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. पुढे ते बोटीनेच इंग्लंडला परतले, पण सबंध प्रवासात डेकवर पाऊल टाकलं नाही. विल्फच्या थडग्यापाशी त्यांचं कधी जाणं झालं नाही. त्याच्या घरचंही कुणी गेलं असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबांचा डोळा लागल्यावर सुनेत्राने मार्टिनला सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"मला इतक्या वर्षांत नाही सांगितलं."

"तुझ्याशी ते जर्मन बोलतात, माझ्याशी इंग्रजी," ती म्हणाली. "हे त्यांच्याजवळ जर्मनमध्ये नसेल."

पुढच्या एप्रिलमध्ये मार्टिन रजा टाकून पश्चिम ऑस्ट्रेलियाला गेला. बाबांचे गुडघे तोवर पार गेले होते, त्यांना नेणं शक्य नव्हतं. तिथून त्याचा फोन आला. जर्मन वळणाच्या इंग्रजीत तो म्हणाला, "पापा, सापडला."

"दगड आहे?"

"लोखंडी पट्टी आहे. गंजलीय, पण नाव लागतं."

"समुद्र दिसतो का तिथून?"

"नाही. सगळीकडे कापलेल्या गव्हाचे सड."

मार्टिनने विचारलं, "मी काय करू?"

"बस थोडा त्याच्यापाशी. घाई करू नकोस."

फोन कुणीच ठेवला नाही. सुनेत्राने गॅसवरची शिट्टी होऊ घातलेला कुकर उतरवला, घरात आवाज नको म्हणून.

मार्टिन परतल्यावर दर रविवारी बापलेक इंग्रजीत बोलू लागले. मार्टिन चुकायचा, बाबा दुरुस्त करायचे. त्या हिवाळ्यात बाबा गेले. तोवर विल्फबद्दल सुनेत्रापेक्षा मार्टिनलाच जास्त ठाऊक झालं होतं.