हातावरची नावं

टीव्हीवर बास्केटबॉलची मॅच चालू होती. चेंडू टाकण्याआधी एका उंच खेळाडूने मनगटावर गोंदलेलं लेकीचं नाव अंगठ्याने हळूच चोळलं, तसे आमचे हे करवादले, "अंग म्हणजे काय भिंत आहे, रंगवून घ्यायला?"

दर मॅचला हेच ऐकून माझं डोकं फिरतं. यांच्या स्वतःच्या हातावर 'दत्तू' गोंदलंय. जत्रेच्या गर्दीत पोर हरवलं तर नाव तरी कळावं, म्हणून सासूबाईंनी लहानपणीच गोंदवून घेतलेलं. तसं म्हटलं, तर म्हणतात, "ते वेगळं!"

काय वेगळं? आपलं माणूस हरवू नये, म्हणूनच ना कुणी कातडीवर लिहितं?

चेंडू रिंगवर घुटमळला. यांनी श्वास रोखला होता, आणि अंगठा 'दत्तू'वरून फिरत होता.