बाळराजांच्या जिभेवरचा गूळ

बाळराजांच्या तोंडाकडे बघून त्यांच्या मनात काय चाललंय ते कधीच कळत नसे. कारखान्याच्या कामगारांच्या वस्तीत, खुर्सीपारच्या चौकात, रोज संध्याकाळी ते माईकसमोर उभे राहत आणि कर्ण्यातून बातम्या सांगत. रेशनच्या दुकानात गहू आलेला असो की कुणाचा हात यंत्रात गेलेला असो, आवाज तोच, कोरडा ठणठणीत. नागपूरच्या एका वर्तमानपत्रालाही ते इथल्या बातम्या पाठवत.

या माणसानं लहानपणी अख्खा भंडारा जिल्हा रडवला होता, हे नव्या लोकांना खरं वाटायचं नाही. आमच्याकडच्या दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, ते छोटा राजपुत्र होत आणि शेवटी मरत. बाळराजे हे नाव तेव्हाच पडलं. डोळे मिटून असे निपचित पडत की बायकांना हुंदके आवरत नसत. खेळ संपला की त्याच बायका धावत जाऊन मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत आणि पोराच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवत. मेल्याचं सोंग अंगाला चिकटू नये म्हणून. गूळ चघळत बाळराजे उठून बसत.

आवाज फुटला आणि सोंग सुटलं. कारखाना उभा राहायला लागला तेव्हा आमच्यासारखेच तेही पोटासाठी इथं आले. मी एकदा डिवचलंच, "एवढे मोठे नट तुमी, बातमी अशी सपक कावून सांगता?"

"बाई, सोंगातल्या मरणाचा गूळ खाल्ला म्या. खऱ्या मरणावर कोण गूळ खाईन?"

मेलेल्याचं नाव आधी घरी सांगायचं, मगच कर्ण्यावर घ्यायचं, असा त्यांचा नेम होता. म्हणून कारखान्याच्या चिमणीच्या कामावर परांची कोसळली त्या दुपारी ते आमच्या शेजारच्या गोमाबाईच्या दारात आले. मी अंगणात डाळ निवडत होते.

"गोमाबाई, देवाजी गेला."

देवाजी तिचा एकुलता एक मुलगा. गोमाबाई चक्क हसली. "सोंग करून राहिला का, बाळराजे? कित्तीदा मेला तू माह्यासमोर! थांब, गूळ घेऊ दे."

"खरं सांगून राहिलो, माय," ते म्हणत राहिले. पण चेहरा तोच, दंडारीतल्यासारखा निश्चल. ती गूळ घेऊनच दवाखान्यात गेली. पोराच्या जिभेवर खडा ठेवला आणि वाट बघत बसली. खडा विरघळेना, तेव्हा तिनं हंबरडा फोडला.

संध्याकाळी कर्ण्यावर देवाजीचं नाव घेताना बाळराजे ढसाढसा रडले. सारा चौक मान खाली घालून उभा होता. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. रडायचंच होतं तर दारात का नाही रडलात, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

"दारात रडलो असतो, त ती म्हणली असती, बाळराजे अजून काय मस्त सोंग घेते!"

त्या दिवसानंतर त्यांनी गोडाला हात लावला नाही, चहासुद्धा फिका घेत.

काही वर्षांनी विषमज्वरानं ते गेले. मागेपुढे कुणी नव्हतं. मी वेड्यासारखी गुळाचा खडा पदराला बांधून गेले. गोमाबाई त्यांच्या उशाशी बसली होती. मी पदराची गाठ सोडायला लागले, तसा तिनं माझा हात धरला.

"राहू दे वं. आता मले समजते."

आणि तिनंच चादर त्यांच्या तोंडावर ओढली.