खिडकीपुरतं ऊन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका डोकं फिरवणारा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर ते म्हणाले, "कुंदा, जरा बाजूला हो. तुझी सावली पडतेय." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बघत होते खिडकीतल्या कुंड्यांकडे.

भाऊजी वीजखात्यात वायरमन होते. जन्मभर लोकांच्या घरी उजेड पोचवला, आता रिटायर झाल्यावर माणसाने ओटीवर बसावं, पेपर वाचावा, चार लोकांशी बोलावं. पण नाही! हायवेवरच्या कुठल्याशा नर्सरीतून चहाच्या कपाएवढ्या कुंडीत एक झाड घेऊन आले. जाडजूड पानं, दिसायला गुलाबाच्या फुलासारखं. एकाची चार झाली, चाराची फळीभर झाली. दाराबाहेर घरची चिकूची वाडी, कारल्याचा मांडव, मोगरा. तिकडे ढुंकून बघायचं नाही, आणि ही बोटबोटभर झाडं मात्र घरातल्या दक्षिणेच्या खिडकीत राजासारखी बसलेली. ताई त्यांना मुद्दाम 'तुमचे निवडुंग' म्हणायची, की हे भडकलेच. "निवडुंग म्हणायचं नाही! सक्युलंट म्हण. पानांत पाणी साठवतात ती." ताई म्हणायची, "माझ्या डोळ्यांत पण साठलंय. मलाही ठेवा फळीवर."

पाण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. आठवलं तर घालायचे, नाहीतर राहिलं. उजेडाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. कुंड्यांच्या वर हात धरून उभे राहायचे आणि सावली बघायचे. सावलीची बोटं कोरून काढल्यासारखी दिसली तर ऊन जास्त, पडदा ओढा. सावलीच नाही पडली तर ऊन कमी, पडदा सारा. बोटं दिसली पाहिजेत पण कडा पुसट हव्यात, एवढंच ऊन म्हणे झाडांना मानवतं. आणि हा पडदा कोणी ओढायचा? माझ्या बहिणीने! तव्यावर भाकरी असताना बाहेरून हाक यायची, "अगं, पडदा!" ती बिचारी भाकरी तशीच टाकून धावायची. करपलेली भाकरी भाऊजी तक्रार न करता खायचे, एवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल.

झाडाने उजेडासाठी मान लांब केली, किडकिडीत झालं, की ते त्याला 'आशाळभूत' म्हणायचे. ऊन जास्त लागून पानांच्या कडा लाल झाल्या, की 'रागावलं'. माणसांनाही हीच मापं. निवडणुकीच्या आधी दारात येणारे सगळे आशाळभूत आणि मी कायमची रागावलेली. "हिला सकाळचंच ऊन द्या, दुपारचं सोसत नाही," असं चारचौघांत म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ताईपण हसायची, त्याचा मला जास्त राग यायचा.

तर २०१८ च्या दिवाळीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसती भांडी वाजायची. तलासरीकडे, ताईच्या गावात भिंती चिरत होत्या. सगळं गाव अंगणात झोपायला आलं. ताईनेही वाडीत निळी ताडपत्री बांधली. दक्षिणेच्या भिंतीला, नेमकी त्या खिडकीच्या वर, हात जाईल एवढी भेग पडलेली. आणि हा गृहस्थ सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या भिंतीखाली जाऊन पडदा ओढतोय!

मला कळलं तशी मी रिक्षा करून गेले. बघते तर भाऊजी घरात, आणि ताई दाराबाहेर खांबाला धरून उभी. ओठ पांढरे पडलेले. मी ओरडले, "भाऊजी, बाहेर या! त्या कुंड्या आणायच्या तर बाहेर आणा, नाहीतर मरू देत." ते शांतपणे बाहेर आले आणि मलाच शिकवायला लागले. "खिडकीत वाढलेली झाडं आहेत ती. एकदम उघड्यावर ठेवली तर भाजतील. ताडपत्रीखाली काळोख." मी म्हटलं, "मग दोघंही माझ्या घरी चला. कुंड्यांसकट चला." त्यावर हा माणूस काय म्हणाला असेल? "तुझ्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे, कुंदा. तिथे सगळी आशाळभूत होतील."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आणि ही? तुम्ही आत गेलात की ही इथे श्वास रोखून उभी असते. हिचा रंग बघितलात कधी हात धरून?" मी तरातरा आत निघाले, सगळ्या कुंड्या उचलून विहिरीत टाकणार होते, पण ताईने माझं मनगट पकडलं. "तू जायचं नाहीस," ती म्हणाली. "माझा जीव टांगणीला लावायला एक जण पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते, तर चिकूच्या फांद्यांना ताईने मच्छरदाणी बांधलेली. झोपायची मच्छरदाणी, दुहेरी घडी करून. आणि स्वतः तिच्याखाली हात धरून उभी, जमिनीवरच्या सावलीकडे बघत. त्या झाडांना ज्या बाईने एवढी वर्षं शिव्या घातल्या, ती! "अहो, इकडे या," तिने हाक मारली. "बोटं दिसतायत, कडा पुसट आहेत. ही घ्या तुमची खिडकी." भाऊजी आले. तिच्या हाताशेजारी त्यांनी आपला हात धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दुपारी आणखी एक घडी लागेल." "मग दुपारी घालीन!" ताई खेकसली. त्यांनी मुकाट्याने सगळ्या कुंड्या बाहेर आणल्या. पुढे ताईचे हात डासांनी फोडून काढले, पण तिचा चेहरा मात्र माणसात आला.

त्याच आठवड्यात, दुपारी पडदा ओढायच्या वेळेला जमीन हलली आणि दक्षिणेची भिंत फळीसकट आत कोसळली. दोघंही मच्छरदाणीपाशी होती. ताईचा फोन आला, तिला रडण्यापलीकडे काही बोलता येईना. मागून भाऊजींचा आवाज, "तिला सांग, कुंड्या ठीक आहेत." त्यावर मी त्यांना जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

आता भिंत पुन्हा उभी राहिली आहे. तिच्यात खिडकी आहे, आधीपेक्षा मोठी. ती मोठी हवी म्हणून गवंड्याशी भांडली ती ताई. मला त्यांनी एक कुंडी दिली. आमच्या काळोख्या खिडकीत त्या झाडाची मान वीतभर लांबली आहे. परवा भाऊजींचा फोन आला, मला कशी आहेस विचारायच्या आधी, "कुंडी फिरवतेस ना? मान कुठे वळली आहे?"

"तलासरीकडे," मी म्हटलं. "आणि मी फिरवणार नाही. राहू दे तशीच."

मला वाटलं, आता ओरडतील.

"कुंदा, रविवारी ये," ते म्हणाले. "आमच्याकडे ऊन चांगलं आहे."