कापसाची काडी

तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मी तीन-साडेतीन वर्षं डाव्या बाजूच्या खिडकीशी बसत आले. त्या बाजूला ऊन थेट तोंडावर येतं, म्हणून शहाणी माणसं उजवीकडे बसतात. कचेरीतली माझी एक सहकारी विचारायची, तुला ऊन खायची हौस आहे का? मी हसून वेळ मारून न्यायचे. खरं कारण असं, की कालव्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला एक गाव लागतं, आणि आयाम्मा तिथे राहतात. त्या मला दिसायला नको होत्या. खरं तर मी त्यांना दिसायला नको होते.

आयाम्मा म्हणजे माझ्या मुलीला न्हाऊ घालणाऱ्या बाई. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. माझ्या नवऱ्यालाही तान्हेपणी त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, आणि तो जरा आवाज चढवून बोलला की त्या त्याला याची आठवण करून द्यायच्या. दहाच्या सुमाराला बसने यायच्या, पदर खोचून परसातल्या पाटावर बसायच्या, पाय लांब सोडायच्या आणि मुलीला नडग्यांवर पालथं घ्यायच्या. तेल, मुगाचं पीठ, कढत पाणी. शेवटी नाकाचा दांडा चिमटीत धरून ओढायचा, दोन्ही नाकपुड्यांत तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि तोंड लावून फू करायचं. शेंबूड बाहेर, मूल शिंकलं, की बायका समाधानाने हसणार. मग सांब्राणीची, म्हणजे ऊदाची धुरी. आमच्या तंजावूरच्या मराठी घरात हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, यातलं काही चुकलेलं खपायचं नाही. आंघोळ होईपर्यंत त्या परसाच्या दाराशी उभ्या असत.

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि मार्गळीची, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची थंडी सुरू झाली. आमच्याकडची थंडी म्हणजे काय, सोलापुरात ती कुणी हिशेबातही धरली नसती. माझं शाळा-कॉलेज तिथे झालं, बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे, म्हणून मला हे माहीत. पण तेवढ्या गारव्यानेही पोरीचं नाक चोंदलं. छातीशी घेतली की दोन घोट प्यायची, श्वास कोंडला की सोडून द्यायची आणि रडायची. पुन्हा दोन घोट, पुन्हा रडणं. तान्ह्या मुलांना तोंडाने श्वास घ्यायचं नीट सुचत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं शांतपणे समजावून दिलं. औषधाच्या दुकानात नाकात घालायचं मिठाचं पाणी मिळतं, तेच आणायचं, घरी मीठ कालवत बसायचं नाही. पोरीला उताणी धरून एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब सोडायचे आणि मिनिटभर थांबायचं, म्हणजे आतलं सुटतं. मग रबरी फुगा आधी बाहेरच दाबायचा, त्याचं टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं, आत खुपसायचं नाही, आणि फुगा हळूच सोडायचा. पाजण्याआधी करायचं, पाजल्यावर केलं तर ओकते. दिवसातून तीन-चार वेळा, त्याहून जास्त नाही, कारण नाकाची आतली कातडी सुजते आणि नाक आणखीच चोंदतं. फुगा दर वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा. तेल नको, फुंकणं नको, धुरी नको, नाकात काडी तर अजिबात नको. ताप आला, श्वास भराभर चालू लागला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा दूध पिणं सोडलं, तर वेळ न बघता दवाखाना गाठायचा.

घरी येऊन मी हे सगळं एका कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला चिकटवलं. सुवाच्य अक्षरात, आकडे घालून. त्या कागदाचा मला भारी अभिमान होता.

आता अक्कांना कोण सांगणार? त्यांनी चार मुलं वाढवली होती, आणि कपाटावरचा कागद त्यांच्या खिजगणतीत नव्हता. मी सोपी वाट धरली. दुसऱ्या दिवशी अक्का पूजेला बसल्या तेव्हा मी आयाम्मांना बाजूला घेऊन विनवलं, की नाकात तेल घालू नका, फुंकू नका, धुरी पापाजवळ, म्हणजे बाळाजवळ, आणू नका, आणि हे अक्कांना कळू देऊ नका. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या मला लाडाने कण्णू म्हणायच्या; तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, "कण्णू, पापा तुझी. तू सांगशील तसं."

आणि त्यांनी ते पाळलं. कसं पाळलं तेही सांगायला हवं. अक्का दाराशी उभ्या असायच्या, म्हणून आयाम्मा तेलाच्या वाटीत बोट बुडवायच्या, पण ते पुसायच्या पोरीच्या तळपायाला. तोंड नाकाजवळ न्यायच्या आणि फू करायच्या बाजूला, स्वतःच्या दंडावर. चाळीस वर्षं हेच काम करत आलेली बाई माझ्यासाठी रोज नाटक करायची, आणि मान वळवताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची.

मी मात्र माझाच कागद पाळला नाही. पोरीच्या नाकातून शीळ आली की मला राहवायचं नाही. तीन-चार वेळांच्या पाच-सहा वेळा झाल्या, मग मी मोजणं सोडलं. दार लोटून घ्यायचे, फुगा लावायचे. नाक साफ व्हायचं, तासाभरात पुन्हा चोंदायचं, आणि मी पुन्हा फुगा उचलायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच होत होतं, कागदावरही होतं, आणि तो कागद माझ्या नाकासमोर लटकत होता.

त्या दिवशी आंघोळ आटोपून आयाम्मांनी पोरीला पांढऱ्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि त्या पाट धुवायला परसात गेल्या. मी खोलीत आले, दार लोटलं. उजव्या नाकपुडीत एक वाळलेला खडा दिसत होता, अगदी कडेला. थेंब सोडून मिनिटभर थांबले असते तर तो आपोआप सुटला असता. मी थांबले नाही. आरशापुढच्या डबीत नवऱ्याच्या कान साफ करायच्या कापसाच्या काड्या होत्या, त्यातली एक घेतली. कडेलाच तर आहे, म्हटलं. पोरीने मान झटकली, ती किंचाळली, आणि त्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला. मग दुसरा.

मी काडी खिडकीबाहेर फेकली. हे मी आधी केलं आणि पोरीला छातीशी नंतर घेतलं. तो क्रम मला अजून लख्ख आठवतो.

अक्का धावत आल्या. रक्त पाहिलं आणि मला काही विचारलंच नाही. त्यांना विचारायची गरज वाटली नाही, कारण दहा मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आयाम्मांना पोरीच्या नाकाशी तोंड नेऊन फुंकताना पाहिलं होतं. इतकी वर्षं ज्या फुंकण्याचा त्यांचा आग्रह होता, तेच आता गुन्हा झालं होतं. ओल्या हातांनी आयाम्मा दारात आल्या तेव्हा अक्कांनी विचारलं, इतक्या जोरात का फुंकलंस?

आयाम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुंकलं नाही, असं त्या म्हणू शकत होत्या. पण मग रोजच्या नाटकाचं काय, हा प्रश्न आला असता, आणि माझं नाव निघालं असतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी बोलेन याची त्यांना खात्री होती, असं मला वाटतं. मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने पाहून सांगितलं, की नाकाच्या तोंडाशीच लहानसा ओरखडा आहे, आपोआप भरेल. अक्का म्हणाल्या, न्हाऊ घालणारी फुंकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणालाही फुंकू देऊ नका. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि काडी-बिडी?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलायला एक शब्द पुरला. घाबरले होते, हे खरं, पण ती सबब पुरी पडत नाही. मला लाज वाटत होती. घरातली शिकलेली मी, कागद चिकटवणारी मी. अडाणी म्हणून जिला मनातल्या मनात मी हसत होते तिने माझं सांगणं अक्षरशः पाळलं होतं, आणि मोडलं होतं मी. हे कबूल करण्यापेक्षा एका बाईचं काम गेलेलं मला परवडलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी आयाम्मांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मी आत भांडी लावत होते आणि भांड्यांचा आवाज मुद्दाम जास्त करत होते. पुढे ओळखीच्या तीन घरी सुना बाळंत झाल्या, तिथेही अक्कांनी जाऊन सांगितलं, की त्या बाईचा हात आता राहिला नाही, तिला बोलावू नका. ओरखडा तीन दिवसांत भरला.

मुलगी आता चार वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर देते तमिळमध्ये. सर्दी झाली की आपण होऊन फर्रकन नाक शिंकरते, आणि माझं लक्ष अजून तिच्या उजव्या नाकपुडीकडे जातं.

गेल्या महिन्यात बस भरलेली होती आणि जागा मिळाली ती नेमकी उजवीकडे. पूल ओलांडल्यावर आयाम्मा चढल्या, कमरेवर केळीच्या पानांचा भारा. वाकल्या होत्या, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. शेजारची बाई उतरल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या. पहिलाच प्रश्न, पापाचं नाक कसं आहे? बरं आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. मग, मी काही विचारलेलं नसताना, हलक्या आवाजात सांगू लागल्या. त्या दिवसापासून त्यांनी एकाही मुलाला हात लावला नव्हता. बोलावणी आली, त्यांनी नाही म्हटलं.

"मी फुंकलं नाही अशी तेव्हा खात्री होती, कण्णू," त्या म्हणाल्या. "पण घरी जाऊन विचार केला. चाळीस वर्षांची तोंडाची सवय. एखाद्या दिवशी चुकून फुंकलंही असेन. नाहीतर रक्त कुठून येणार?"

मी समजत होते, मी त्यांचं काम आणि चांगलं नाव हिरावलं. त्यांची स्वतःवरची खात्रीही हिरावली होती, हे मला माहीत नव्हतं.

मी सांगितलं. पानांच्या भाऱ्याकडे बघत, काडीपासून खिडकीपर्यंत सगळं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भारा मांडीवर ओढून घेत त्यांनी विचारलं, "अक्काला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही. कंडक्टरची शिट्टी झाली, त्यांनी भारा उचलला आणि मला न सांगता उतरल्या.

तेव्हापासून मी हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, आणि इथवर आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की का. आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येणारी मी एकटी. नवऱ्याला तमिळ आणि इंग्रजी वाचता येतं, अक्कांना फक्त तमिळ. वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली तरी मला धोका नाही. म्हणजे कबुलीसुद्धा मी दार लोटूनच देत होते.

अक्कांना हे वाचता येत नाही, पण कान अजून तिखट आहेत. काल रविवार होता. त्या जमिनीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या. मी समोर बसले आणि वही उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. माझी पुस्तकी मराठी त्यांना मजेशीर वाटते, सुरुवातीला हसल्या. मग हसणं थांबलं. मग हातही थांबले.

वाचून झालं तेव्हा त्यांनी हातातला पाला सुपात टाकला.

"हें अस्कें तूंच केलीस?"

अस्कें म्हणजे सगळं. मी हो म्हटलं.

त्यांनी पाल्याचं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत जाऊन बाहेर जायचं लुगडं नेसून आल्या. चपला घालताना म्हणाल्या, "तीन घरांत मी माझ्या तोंडानें सांगितलें. तिन्ही घरांत आतां तूं सांग. मग तिच्याकडे जाऊं. तेथें मी बोलतें."

मी वही ठेवायला वळले, तर त्यांनी ती बरोबर घ्यायला सांगितली.