बिलावरचं नाव

चिंचोली मांजरा नदीच्या काठाला आहे, पण काठाला असून कोरडी. नदी आहे, तिला पाणी नाही. विहिरी आहेत, त्यांना नुसता तळ आहे. अशा गावात माणसं बोलतात कमी आणि धरून ठेवतात जास्त. विठाबाई सोनकांबळे ही त्यांतली. तिची गोष्ट गावात हसून सांगतात. मी ती हसून सांगणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात विठाबाई आणि तिचा नवरा मारोती गावाबाहेरच्या रस्त्यावर खडी फोडायला होती. कामावर वाटलेली सुकडी खायची, उन्हात बसायचं, मोठ्या दगडाचा बारीक दगड करायचा. तो रस्ता तयार झाला आणि काही वर्षांनी त्याच्याच कडेनं विजेचे खांब आले. खांबांचे खड्डे खणायच्या टोळीत मारोती लागला. आमच्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि मुरमाखाली पाषाण. पहार मारली की ठिणगी उडायची. मारोती टोळीतल्यांना म्हणायचा, "वीज तर खालीच हाय गड्यांनो, हे वर कशाला टांगून राहिलेत?"

तार आधी गावात आली. वेशीपाशी बरीच थांबली. मग कधीतरी बौद्धवाड्यात आली. वाड्यात पहिला दिवा घेतला तो मारोतीनं. एकच खोली, एकच बल्ब, दाराच्या वर एक काळं मीटर.

पहिलं बिल घेऊन आला तो लाईनमन सिद्धराम. हा सिद्धराम खड्ड्यांच्या टोळीत मारोतीबरोबर होता. पुढं वीज खात्यात लागला. बिल छापील होतं आणि नाव निळ्या शाईनं लिहिलेलं. त्यानं उंबऱ्यात उभं राहून वाचलं, "श्री. मारोती केरबा सोनकांबळे."

मारोतीला गावात कुणी मारोती म्हणत नव्हतं. लहानपणी मारत्या, तरणा झाला तरी मारत्या, मिशी पांढरी झाली तरी मारत्याच. काल जन्मलेली गावातली पोरंसुद्धा वेशीवरून हाक मारायची, "ए मारत्या." जमीन नव्हती, म्हणून सातबाऱ्यावर नाव नव्हतं. शाळा नव्हती, म्हणून दाखल्यावर नव्हतं. आपल्या नावापुढं श्री लागलेलं त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आजून एकदा वाच," तो म्हणाला.

सिद्धरामनं वाचलं. मारोतीनं वर बल्बाकडं बघितलं. मग म्हणाला, "ह्या विजेला मानूस कळतो बघ."

पुढं लातूर जिल्हा झाला. गुलाल उडाला, गावातून ट्रक भरून माणसं गेली. आधी कुठलीही तक्रार उस्मानाबादेला न्यावी लागे; आता साहेब जवळ आले, आता सगळं होईल असं लोक म्हणाले. साहेब खरंच जवळ आले. त्यांचे कान मात्र होते तिथंच राहिले.

जिल्हा झाला आणि पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरं गेलं. त्यातल्या उन्हाळ्यात मारोती तापानं पडला आणि आठवड्यात गेला. वाड्यातल्या माणसांनी वंदना म्हटली, नांदेडहून मुलगा नरसिंग आला, मातीला लोक जमले. वेशीच्या आतलीही दोन-चार आली.

मेलेल्या माणसाला सरकार फार लवकर ओळखतं. रेशनकार्डावरचं मारोतीचं नाव दुकानदारानं लाल शाईनं आडवं कापलं, कारण एक माणूस कमी तर धान्य कमी. मतदारांची यादी आली, तिच्यातून तो गेला होता. आणि घरात तर त्याचं नाव निघणारच नव्हतं. विठाबाईच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव ओठावर आणत नसत. विठाबाईनं धर्म बदलला, देव्हाऱ्यातले देव नदीला दिले, उपासतापास सोडले, पण ही एवढी एक रीत अंगातून गेली नव्हती. ती "हे" म्हणायची, "नरसिंगाचा बा" म्हणायची. ज्याचं नाव दुसऱ्यांनी घेतलं तरच तिच्या कानावर पडणार, त्याचं नाव घ्यायचं आता कुणाला कारणच उरलं नव्हतं.

फक्त बिल येत राहिलं. वीज खात्यात सिद्धराम सोडून कुणाला कळलंच नव्हतं की मारोती गेला, आणि तो सांगत नव्हता. सिद्धराम बिल घेऊन दारात यायचा, तेव्हा विठाबाई हातातलं काम ठेवून उठायची आणि विचारायची, "कुणाचं हाय बघा."

सिद्धरामला ठाऊक होतं बिल कुणाचं ते आणि तिला ठाऊक होतं हेही. तरी तो कागद डोळ्यांसमोर धरून वाचायचा, "श्री. मारोती केरबा सोनकांबळे." ती मान हलवून कागद घ्यायची. एवढंच.

मग मीटर बिघडलं. एका बल्बाच्या घराला पिठाच्या गिरणीएवढं बिल आलं. वाड्यातल्या बाया म्हणाल्या, "विठाकाकू, आमचंबी दळन टाकत जा की." विठाबाई दिवा सांजेला लावायची आणि भाकरी खाऊन झाली की मालवायची. सिद्धरामनं बल्ब बंद करून मीटरकडं पाहिलं. आतली चकती फिरतच होती.

"वहिनी, हे माझ्या हातात न्हाई," तो म्हणाला. "लातूरला जावं लागतंय. तिथं तक्रार लिहून द्या."

तेव्हा ती गेली. एसटीत उभ्यानं गेली. कचेरीत खिडकीपुढं रांग होती. आडत दुकानदार, डाळमिलीचे मुनीम आणि तिच्यासारखीच खेड्यातली माणसं, प्रत्येकाच्या हातात तसाच कागद. खिडकीत व्यंकटराव नावाचे कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर तेच ऐकून त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता.

"ग्राहकाचं नाव?"

विठाबाईनं बिल पुढं केलं. "त्याच्यावर हाय."

"तोंडानं सांगा बाई."

तिनं बिलावरच्या नावावर बोट ठेवलं. मागचा एकजण म्हणाला की म्हातारीला उखाणा येत नसेल, आणि रांग हसली. व्यंकटरावांनी बिल ओढून घेतलं, स्वतःच मोठ्यानं नाव वाचलं आणि विचारलं, ते कुठं आहेत, ते का आले नाहीत.

तिनं खरं ते सांगितलं. "न्हाईत. गेल्या उन्हाळ्यात गेले."

कारकुनाचा हात थांबला. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि त्यांच्या मते हे सगळं सोपं होतं. मेलेल्या माणसाच्या नावावर तक्रार घेता येत नाही. मीटर बदलायचं तर ग्राहक जिवंत पाहिजे. मृत्यूचा दाखला आणा, वारसाचा दाखला आणा, जुनं नाव कमी करू, नवं लावू, मग तक्रार लिहू. बोलता बोलता त्यांनी एका कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

परतीच्या एसटीत विठाबाईच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. ती पैसे वाचवायला गेली होती आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगून आली होती.

पुढचं बिल तसंच गिरणीएवढं आलं. तिनं तक्रार केली नाही. दुष्काळाची कामं पुन्हा निघाली होती. ती खडीवर गेली. बहात्तरला तिच्या शेजारी कुणीतरी होतं, आता नव्हतं. हाताला फोड आले, ते तिनं चिंधीनं बांधले. सगळा गाव खोट्या बिलाच्या नावानं बोटं मोडत होता आणि ही बाई न वापरलेल्या विजेचे पैसे दगड फोडून भरत होती. लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलं. तिचा हिशेब साधा होता. गप्प राहून भरत गेलं तर बिल येत राहील, आणि बिल येत राहिलं तर नाव येत राहील.

नरसिंगच्या कानावर गेलं तसा तो नांदेडहून आला. तिथं तो पाटबंधारे खात्यात शिपाई होता. सगळे दाखले पिशवीत घेऊनच आला.

"माय, माझ्या नावावर करून टाकू," तो म्हणाला. "एका दिवसाचं काम हाय."

"आन् त्यांचं?"

"त्यांचं काय? बा गेला, माय."

"रेशनवरून काढलं, मतदानातून काढलं. आता तू बी काढ."

नरसिंगला राग आला. आईच्या हाताच्या चिंध्या बघून तो आधीच कावला होता. "बा काय बिलात ऱ्हातो का?"

"मग कुठं ऱ्हातो, दाव मला," विठाबाई म्हणाली.

दाखले घरात ठेवून तो दुपारच्या गाडीनं परत गेला. रोज कचेरीत हजेरीला स्वतःचं पुरं नाव लिहिणारा माणूस, पण त्याला ते त्या वेळी सुचलं नाही. आपल्याच नावाच्या मधे काय आहे, हे माणूस बघत नाही.

कारकुनानं टिपलेला कागद मात्र पुढं सरकत होता. एका सकाळी सिद्धराम आला तो बिल न घेता. उंबऱ्यातच बसला.

"वहिनी, तोडायचा हुकूम आलाय," तो म्हणाला. "तुम्ही भरताव ते खरं हाय. पर मेलेल्याच्या नावानं दिवा ठेवता येत न्हाई म्हनतेत."

विठाबाईनं त्याला चहा दिला. मग नरसिंगची पिशवी उचलली आणि लातूरची गाडी धरली.

खिडकी तीच, रांग तशीच. व्यंकटरावांनी तिला ओळखलं. तिनं पिशवी फळीवर ठेवली, उघडली मात्र नाही.

"साहेब, दिवा तोडा, माझी ना न्हाई," ती म्हणाली. "नाव तेवढं राहू द्या. बिल येऊ द्या. मी भरीन."

व्यंकटरावांनी चष्मा काढला. त्या खिडकीत त्यांनी शिव्या ऐकल्या होत्या, रडणं ऐकलं होतं, वशिले ऐकले होते. हे ऐकलं नव्हतं.

"दिवाच नाही तर बिल कशाचं बाई?"

"नावाचं."

या वेळी रांगेत कुणी हसलं नाही. तसा नियम नव्हता आणि नियमाबाहेर त्यांना काही येत नव्हतं. शेवटी त्यांनी कोरा अर्ज काढला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मुलाचं राहू द्या. तुमच्या नावावर घ्या. घरात तुम्हीच राहता. सांगा, काय लिहू?"

"विठाबाई."

"आडनाव?"

"सोनकांबळे."

"मधलं?"

तिला लोक विठी म्हणत, विठाबाई म्हणत, नरसिंगाची माय म्हणत. तिचं पुरं नाव तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मधी काय लिवतेत?" तिनं विचारलं.

"नवऱ्याचं नाव. त्याच्याबिगर अर्ज पुढं जात नाही."

"आन् ते बिलावर येतं?"

"येतं की. दर बिलावर येतं, तुमच्या नावात."

विठाबाईनं खिडकीची फळी दोन्ही हातांनी धरली. तिच्या लग्नाला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. तेवढ्या वर्षांत ते नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. मग ती बोलली. पण इतकं हळू, की पलीकडं पोचलं नाही.

"मोठ्यानं सांगा, लिहायचंय," व्यंकटराव म्हणाले.

"मारोती," ती म्हणाली. "विठाबाई मारोती सोनकांबळे."

व्यंकटरावांनी लिहिलं. तिनं पिशवीतले दाखले काढून दिले आणि अंगठा केला. बाहेर येऊन ती कचेरीच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मातीच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, असं त्या रांगेतल्या आमच्या गावच्या शेषेरावांनी मला सांगितलं. ते तिच्या शेजारी बसले नाहीत, लांबच उभे राहिले, आणि गाडीच्या वेळेला तिला हाक मारली. "विठाबाई, चला," म्हणाले.

दिवा तुटला नाही. नव्या नावाचं बिल पुढच्या खेपेला आलं. नाव बरोबर होतं, श्रीमती धरून. आकडा मात्र गिरणीचाच होता. चकती अजून फिरतच होती. सिद्धराम ओशाळला आणि म्हणाला, नाव बदलायला लागले त्यापेक्षा मीटर बदलायला जास्त दिवस लागतील.

विठाबाई त्या दिवशी खडीवर गेली नाही. लुगडं बदललं, बिलाची घडी कनवटीला लावली आणि लातूरच्या गाडीत बसली. रांगेत उभी राहिली. खिडकीपाशी नंबर आला तेव्हा व्यंकटरावांनी काही विचारायच्या आत तिनं बिल फळीवर आपटलं.

"मेलेल्याची तक्रार घेत न्हाई म्हनला होता," ती म्हणाली. "आता जितं मानूस आलंय. लिवा."