लिंबासाठी खणलेला खड्डा

भिलाईत आम्हांला क्वार्टर मिळालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील प्लांटमध्ये पाइपलाइनच्या खात्यात फिटर होते. मागच्या अंगणात लिंबाचं झाड असावं, असं मायच्या मनात होतं. तिने दुर्गच्या बाजारातून रोप आणलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी वडील सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन खड्डा खणू लागले.

जमीन मुरमाची, कडक. गुडघाभर खणल्यावर सब्बल कशावर तरी आदळली. वडिलांना दगड वाटला. त्यांनी आणखी दोन घाव घातले आणि पाणी उसळून थेट त्यांच्या तोंडावर आलं. रोज पाइप जोडणाऱ्या माणसाने स्वतःच्याच अंगणातला पाइप फोडला, हे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतले लोक पुढे बरेच दिवस एकमेकांना सांगत.

पोतं कोंबून धार कमी झाली. वडील सायकलवर मेंटेनन्सच्या ऑफिसात जाऊन आले. माणूस उद्या येणार होता. तोवर आमच्या पुढच्या सगळ्या घरांचे नळ कोरडे पडले. पाणी होतं ते फक्त आमच्या खड्ड्यात.

बायका बादल्या घेऊन येऊ लागल्या. खड्ड्यात एकालाच उभं राहता येई, म्हणून माय लुगडं खोचून आत उतरली आणि पोतं जरा सरकवून धारेसमोर एकेक बादली तिरकी धरू लागली. कोणी पंजाबी, कोणी तेलुगू, कोणी बंगाली. बोलायची फारशी गरज पडली नाही.

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मायला विहिरीला हात लावता येत नसे. कोणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्यालाही आता काही वर्षं झाली होती. चौथ्या घरातली म्हातारीही भंडाऱ्याकडचीच. आम्ही कोण, ते तिला ठाऊक होतं. ती बादली घेऊन आली, मायकडे पाहिलं आणि तशीच परत गेली.

दुपारी ती पुन्हा आली.

"घरी सुनेचं लेकरू तान्हं हाये," ती म्हणाली. "पानी पायजे होतं."

"मंग आना ना बादली."

मायने भरलेली बादली वर सरकवली. म्हातारी ती उचलून जरा थांबली. "मले वाटलं, तू देशीन का नाई."

"कावून नाई देनार?" माय म्हणाली आणि पुढच्या बाईची बादली घेतली.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "ते बुडी आलती म्हने?"

"आलती."

"काय म्हने?"

"पानी पायजे म्हने."

दुसऱ्या दिवशी माणूस आला, वडिलांना चार शब्द ऐकवून त्याने पाइप बदलला आणि खड्डा बुजवून टाकला. मायचे खांदे आठवडाभर दुखत होते. म्हातारीशी आमचं येणं-जाणं पुढेही झालं नाही. रस्त्यात भेटली की मात्र ती मायला "बरी हायेस का?" एवढं विचारी, आणि माय "हाव" म्हणे.