साहेबांची स्क्रीन आणि दणकणारा पाइप

वीज गेली आणि पंपहाउसची जमीन पायाखाली दणकली. मी टेबल धरून उभी राहिले. ऑपरेटर भोईरमामांनी हातातला चहाचा ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.

"परत दणकला पाइप," ते म्हणाले.

पडघ्याच्या बाजूचं हे पंपहाउस. नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून भिवंडीकडच्या गावांना सोडायचं. त्या वर्षांत लोडशेडिंग रोजचंच होतं. वीज गेली की पंप थांबतात आणि चढणीवरचं पाणी उलटं फिरतं. ते वेग घेण्याआधी व्हॉल्व्ह मिटायला हवा. उशीर झाला, तर धावत्या पाण्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. असे दणके खाऊन पाइप एक दिवस फुटतो. आणि तो पाइप वस्तीच्या मागून जात होता.

व्हॉल्व्ह मिटवायचं काम आमच्या कंपनीने बसवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचं होतं. मी त्या कंपनीत ट्रेनी होते, प्रोबेशनवर. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे नोकरी पक्की होईपर्यंत कुणाला उलट बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणारी, मायक्रोकर्नल सिस्टिम होती. माझे बाबा लूमवर काम करायचे, त्यांना मी ती अशी समजावली होती. जुन्या कारखान्यात एकाच लांब शाफ्टवर सगळे लूम फिरायचे. शाफ्ट अडकला की सगळेच बंद. आता प्रत्येक लूमला आपली मोटर. एक बंद पडला तरी बाकीचे चालू. मायक्रोकर्नलमध्येही प्रत्येक काम वेगळं असतं. मधला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अगदी छोटा. कोणाची पाळी आधी, एवढंच मुख्यतः तो बघतो. ही पाळी, म्हणजे प्रायॉरिटी, आपण ठरवून द्यायची.

कॉम्प्युटर कधीच बंद पडला नव्हता. म्हणून सगळ्यांचा संशय व्हॉल्व्हवर. तो दोनदा उघडून पाहिला, ठीक होता. शिवाय पाइप कधी दणकायचा, कधी नाही.

"साहेब रजेवर असला का पाइप गप ऱ्हातो बघ, बाय," भोईरमामा एकदा म्हणाले. "त्यालापन साहेबाचा धाक हाय."

आम्ही दोघं हसलो. पण घरी जाताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पाणीखात्याचे कार्यकारी अभियंता सांगळे साहेब, त्यांच्या केबिनमध्ये त्याच कॉम्प्युटरला जोडलेली एक स्क्रीन होती. वीज गेली की साहेब तिच्यावर महिन्याभराचा ग्राफ उघडून बसत.

दुसऱ्या दिवशी मी प्रायॉरिटी तपासल्या. सगळ्यांत वर साहेबांची स्क्रीन. तिच्याखाली व्हॉल्व्ह. ग्राफ काढून होईपर्यंत व्हॉल्व्ह पाळीची वाट बघत बसायचा.

मी आमच्या कंपनीतल्या माझ्या वरिष्ठांना, देसाई सरांना, दाखवलं. स्क्रीन हळू चालते अशी साहेबांची तक्रार होती, म्हणून देसाई सरांनीच ती यादीत वर नेली होती.

"पुढच्या आठवड्यात हँडओव्हर आहे," ते म्हणाले. "साहेबांना आता काय सांगू, तुम्ही खाली जा?"

हँडओव्हर म्हणजे सगळी सिस्टिम खात्याच्या ताब्यात; त्यानंतर सेटिंगला हात लावायला आम्हाला परवानगी नसणार होती. मी तसं हळू आवाजात म्हटलं. सरांनी सेटिंग तसंच ठेवलं.

हँडओव्हरच्या आधीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी व्हॉल्व्हवाल्या कंपनीला नोटीस काढायचं म्हटलं. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "सर, एकदा पाइपजवळ येऊन उभे राहाल का? तुमच्या स्क्रीनवर ग्राफ दुसरं कोणी उघडेल."

साहेब उठले. एकच पंप चालू ठेवला, म्हणजे दणका बेताचा बसेल. क्लार्कने केबिनमध्ये ग्राफ उघडला, भोईरमामांनी पंपाची वीज तोडली. पाइप दणकला. साहेब एक पाऊल मागे सरले.

मी स्क्रीन सगळ्यांत खाली नेली आणि तेच पुन्हा करायला सांगितलं. या वेळी पाणी नुसतं गुरगुरलं आणि थांबलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे मी सगळ्यांत शेवटी?"

"तुम्ही नाही सर. तुमची स्क्रीन."

"खालीच राहू दे," ते म्हणाले. "आणि देसाई, हे आधी का नाही सांगितलं?"

देसाई सर म्हणाले, "तुमचीच स्क्रीन होती, साहेब."

हँडओव्हर ठरल्याप्रमाणे झाला. माझी नोकरी पक्की झाली; देसाई सर मात्र बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते. पावसाळ्यात मी भोईरमामांना फोन करून पाइपची चौकशी केली. पाइप गप होता.

"साहेबच वराडतो आता," ते म्हणाले. "लाइट गेली का स्क्रीन हलत न्हाय."

त्यानंतर प्रायॉरिटी लावताना मी कोण मोठं ते बघत नाही. कोणाला थांबून चालणार नाही, तेवढं बघते. साहेबांना थांबून चालतं. पाण्याला नाही.